ताई, हे सगळे खाऊन काय राहिले?
नागपूरच्या एका टेबलावर ड्रॅगनकुळातली जनावरं बसवताना काय झालं, त्याचं प्रकरण

टेबल आणि जग

धरमपेठेत एका घराच्या गच्चीवर खोली आहे. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर एवढा घरघरतो की फासे पडल्याचा आवाजही येत नाही. दर रविवारी सकाळी तर्री-पोहे बांधून आणायचे आणि दुपारी दोनपर्यंत डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ, खेळायचं, असा आमचा नेम. खेळाडू पाच, त्यांची पात्रं योद्धा, पुजारीण, रेंजर (रानातला वाटाड्या), चोर आणि जादूगार. जग चालवणारी डीएम (डन्जन मास्टर) मी. नियम 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचे.

जग माझं स्वतःचं. बर्फ, किल्लेदार सरदार आणि ओकची झाडं मला जमत नाहीत. ओक मी पाहिलेलाच नाही. म्हणून सागाचं पानगळीचं रान घेतलं, धानाची शेती घेतली आणि गावागणिक तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. आमच्यातल्या तिघांच्या मामांची गावंही तिकडेच आहेत, त्यामुळे पाळ (तलावाचा बांध), सांडवा, पाट हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागले नाहीत. माझ्या नकाशात तीन गावं होती. त्यांतल्या मोठ्या गावाचं नाव पाळगाव. तिन्ही गावं एका मालगुजाराच्या हाताखाली आणि तिन्हींत मिळून गुरं 400.

या जगात मला ड्रॅगन हवा होता, आणि त्याचे भाईबंदही. चूक इथूनच सुरू झाली.

पहिले चार रविवार

नियमांच्या पुस्तकात ड्रॅगनच्या नात्यागोत्यातलं बरंच काही आहे. पाच रंगांचे दुष्ट ड्रॅगन आणि पाच धातूंचे सज्जन, प्रत्येकाच्या पिल्लापासून पुराणपुरुषापर्यंत चार अवस्था. शिवाय दोन पायांचा, शेपटीत विषारी काटा असलेला वायव्हर्न, बिनपंखांचे ड्रेक, बोगदे खणणारे कोबोल्ड, मांजराएवढा स्यूडोड्रॅगन आणि अर्धा माणूस अर्धा ड्रॅगन असा हाफ-ड्रॅगन. लग्नाच्या पंगतीत पोराला समोरून गेलेलं प्रत्येक ताट वाढून घ्यावंसं वाटतं, तशी माझी गत झाली. नऊ वायव्हर्न, चौदा ड्रेक, साठेक कोबोल्ड, एक हिरवा आणि एक काळा तरुण ड्रॅगन, वर एक हाफ-ड्रॅगन सेनापती. सगळं तीन गावांच्या शिवारात.

पहिला वायव्हर्न आला तेव्हा टेबलावर शांतता पसरली. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, 110, उडण्याचा वेग एका फेरीत 80 फूट, आणि काटा लागला की विषाचे सात सहापैलू फासे. आमचा योद्धा आडवा झाला, पुजारीणबाईंनी त्याला कसाबसा उठवला. छान झालं. तिसऱ्या रविवारी दुसरा आला आणि तीन फेऱ्यांत मेला. चौथ्या रविवारी तिसऱ्याचं वर्णन करायला मी तोंड उघडलं, तर योद्ध्याचा खेळाडू पोह्यांतले शेंगदाणे वेचत म्हणाला, “आणखी एक का?”

खरा घाव मात्र दुसरीकडून बसला. आमच्या टेबलावर एक मुलगी रेंजर खेळते. तिचे वडील वनखात्यात होते आणि तिचं लहानपण पेंचच्या आसपासच्या क्वार्टर्समध्ये गेलं. ती चिडली नव्हती, तिला खरंच कोडं पडलं होतं.

“ताई, हे एवढे जनावरं खाऊन काय राहिले?”

मी म्हटलं, गुरं खातात.

“कोणाचे? गावात तर एकही माणूस रडून नाही राहिला.”

वहीतला हिशोब

पुढच्या रविवारी ती शाळेची जुनी वही घेऊन आली. पट्टेरी वाघ वर्षाला साधारण पन्नास मोठी खुरांची जनावरं मारतो, म्हणजे आठवड्याला एक. तो असाच वर्षानुवर्षं जगायचा असेल तर त्याच्या भागात अशी पाचशेच्या आसपास जनावरं कायम उभी असावी लागतात. हे ती पाठ असल्यासारखं म्हणाली. वायव्हर्न उडतो, म्हणजे भूक जास्त. त्याला आपण दोन वाघ धरू. नऊ वायव्हर्न म्हणजे वर्षाला नऊशे जनावरं. माझ्या तिन्ही गावांची 400 गुरं सहा महिनेही पुरत नव्हती, आणि यात दोन ड्रॅगन, चौदा ड्रेक धरलेच नव्हते. रानात नऊ हजार चितळं-सांबरं असती तर गोष्ट वेगळी. माझ्या नकाशातल्या रानात मी चितळ हा शब्दही लिहिला नव्हता.

पंखवाल्या, शेपटीत विष असलेल्या प्राण्याला वाघाचं गणित लावणं हास्यास्पद आहे, हे मलाही कळतं. पण दुखणं गणितात नव्हतंच. माझी जनावरं लढाईपुरती जन्माला येत होती आणि लढाई संपली की पुसली जात होती. राक्षसांची पुस्तकं नावाच्या अक्षराप्रमाणे लावलेली असतात, आणि निवडताना आपण चॅलेंज रेटिंगचा आकडा बघतो. वायव्हर्न 6, कोबोल्ड एक अष्टमांश, तरुण काळा ड्रॅगन 7. खेळाडूंना किती जड जाईल एवढंच तो आकडा सांगतो. गावाला किती जड जाईल याचा तिथे रकाना नाही.

नावाचं प्रकरण

हे चालू असतानाच दुसरी ठेच लागली, आणि ती जास्त लागली.

मला जग ‘आपलं’ करायचं होतं, म्हणून ड्रॅगनला मी नाग म्हणत होते. माझ्या दृष्टीने हे सरळ होतं. ड्रॅगन हा शब्द मुळात ग्रीक ‘ड्राकोन’वरून आला, आणि त्याचा अर्थ मोठा सापच. ड्रॅगन सोन्यावर बसतो. आपल्याकडेही पुरलेल्या धनावर नाग बसतो, कंजूष म्हातारा मेला की नाग होऊन हंड्याभोवती वेटोळं घालतो, हे आजीकडून ऐकलेलं. जुळलं की!

चोराचा खेळाडू उत्तर नागपुरातला आहे. टेबलावर तो काही बोलला नाही. सोमवारी रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, खेळ मस्त चाललाय, पण एक सांगू का? आमच्या घरी नाग म्हणजे मारायचं जनावर नाही. आणि मग मला माहीत असायला हवी होती अशी गोष्ट त्याने शांतपणे आठवण करून दिली. 1956 च्या धम्मदीक्षेसाठी नागपूरच का, हे बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या, 15 ऑक्टोबरच्या भाषणात सांगितलं होतं. बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक, त्यांची या भागातली वस्ती, इथून वाहणारी नाग नदी. त्या नदीवर वसलेल्या शहरात बसून मी पाच जणांना रविवारमागून रविवार ‘नाग मारा’ म्हणत होते. त्याने पात्र बदलायला सांगितलं नाही, की मला माफी मागायला लावलं नाही. “तू बघ,” एवढंच म्हणाला.

मी बघितलं तर माझ्या स्वतःच्या घरातही ते बसत नव्हतं. नागपंचमीला आई तवा चढवत नाही, विळीवर चिरत नाही, कुणी शेतात नांगर घालत नाही. त्या घरातली मी, नागाला खलनायक करून मोकळी झाले होते! आणि नियमांच्या पुस्तकातही नाग वेगळेच आहेत, ड्रॅगनकुळात नाहीत. त्यांतला एक तर चांगला राखणदार आहे. पुस्तकाने केलेला फरक मी ‘आपलेपणा’च्या नादात पुसला होता.

उपाय शेवटी भाषेतच सापडला. गावात रात्री कुणी सापाचं नाव घेत नाही. ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात. मग पाळगावची माणसं तरी ड्रॅगनचं नाव का घेतील? ती म्हणतात ‘तळ्यातलं’. बस. वायव्हर्नची झाली ‘उडती इंगळी’, कारण गावकऱ्याला आधी दिसतो तो शेपटीचा काटा. कोबोल्ड ‘खणके’, ड्रेक ‘रखवाल्या’, स्यूडोड्रॅगन ‘मांजरसरडा’. अंगकाठी सगळ्यांची घोरपडीची: रुंद छाती, दुभंगलेली जीभ, पोट घासत चाल. सापाचं काही ठेवलं नाही. नाग त्या जगात आहेत, पण ते तळ्यातल्याच्या आधीपासूनचे, आणि त्यांची गोष्ट अजून टेबलावर आलेली नाही.

याच सुमारास खणक्यांच्या टिपणातली एक ओळ पुजारीणबाईंच्या खेळाडूने पेनाने खोडली. मी त्यांना भाले, पिसं आणि रानातले पाडे दिले होते. “हे गडचिरोलीच्या लोकांचं चित्र आहे, राक्षसाचं नाही,” ती म्हणाली. ओळ गेली.

एकच जनावर, आणि बाकीचे त्याच्यामुळे

मग यादी उलटी लिहायला घेतली. ड्रॅगन एकच ठेवला: काळा, प्रौढ. काळा अशासाठी की तो पाणथळीत राहतो, पाण्याखाली श्वास घेतो, आणि माझ्याकडे तलाव होता. प्रौढ अशासाठी की ड्रॅगनच्या असण्याने आजूबाजूची भूमी बिघडते हा नियम त्या वयापासून पुढेच लागू होतो. तरुण ड्रॅगन म्हणजे नुसतं मोठं जनावर. प्रौढाचं मात्र शिवारावर वजन पडतं.

काळ्या ड्रॅगनच्या घरापासून सहा मैलांत झाडोरा माजतो, चिखल वाढतो, वाटेला दुप्पट वेळ लागतो. आणि एका मैलाच्या आतलं पाणी नासतं. आमच्या भाषेत तीन कोसांची वाट आणि अर्ध्या कोसाचं पाणी. इथपर्यंत ठीक. पण त्या पाण्याच्या नियमात एक छोटी अट आहे, जी मी आधी दहा वेळा वाचून सोडून दिली होती: ड्रॅगनच्या *शत्रूंनी* ते पाणी प्यायलं तर काही मिनिटांत उलटून पडतं. शत्रूंनीच.

म्हणजे जो तळ्यातल्याच्या विरोधात नाही, त्याला ते पचतं.

यावर मी एक आख्खा शनिवार घालवला आणि त्यानंतर मोहिमेला वेगळं कथानक शोधावं लागलं नाही. मालगुजाराला हे कळलेलं आहे. दर अमावस्येला पाळीवर गाव जमवतो, तांब्यातून प्रत्येकाला घोटभर पाणी देतो, वर प्रसाद म्हणून बत्तासा. जो ओकला, त्याची गुरं पुढच्या महिन्यात ‘तळ्याला’ जातात. लहान पोरांना पचतं, कारण त्यांच्या मनात अजून वैर नाही. म्हाताऱ्यांना बऱ्याचदा पचतं, कारण त्यांनी हार मानलीय. ओकतात ती मधल्या वयाची माणसं. आमचे पाच वीर त्या रांगेत उभे राहिले तेव्हा योद्ध्याच्या खेळाडूने फासा टाकण्याआधी विचारलं, “मी त्याचा शत्रू आहे का? म्हणजे, मनातून?” चार रविवारांत तलवारीपलीकडे काही न बोललेला माणूस. मी म्हटलं, तूच सांग. त्याने थोडा वेळ घेतला, आणि फासा न टाकताच म्हणाला, “ओकतो.”

रखवाल्यांची जागा आपोआप ठरली. हे ड्रेक जन्माला येत नाहीत, घडवावे लागतात: ड्रॅगनचे ताजे खवले आणि ढीगभर मांस लागतं. खवले फक्त तळ्यातलं देऊ शकतं, मांस फक्त मालगुजार. दोघांतला करार माझ्या डोळ्यांसमोर लिहून ठेवल्यासारखा होता. चौदाचे मी चार केले, मालगुजाराच्या वाड्याच्या चार कोपऱ्यांना.

यावर रेंजरच्या खेळाडूने एक कोपरखळी मारली. वाघाने गुरं मारली की वनखात्याकडून भरपाई मिळते, पण आधी पंचनामा. म्हणून आमच्या खेळातल्या राणीच्या खजिन्यातून उडत्या इंगळीने मारलेल्या गुराला भरपाई मिळते आणि रखवाल्याने मारलेल्याला नाही, कारण रखवाल्या कागदोपत्री ‘मालकीचं जनावर’ आहे. मग गावकरी काय करतील? मेलेल्या बैलाला सुळ्याने मागून भोक पाडून विषाचा काटा लागल्याचं दाखवतील. आमच्या चोराने एक अख्खं सत्र खोटे पंचनामे शोधण्यात घालवलं. ड्रॅगनच्या खेळात कारकुनी! मला वाटलं कंटाळतील, पण त्या दिवशी तीन वाजले तरी कुणी उठेना.

इंगळ्या नवाच्या दोन केल्या, एक जोडी. त्या तळ्यातल्याला घाबरतात, म्हणून तीन कोसांच्या बाहेरच राहतात. त्यांची चाहूल कशी द्यायची, हे पुन्हा पेंचमधून आलं. वाघ निघाला की चितळ ओरडतं, वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरतं, आणि गाइड म्हणतो, कॉल चालू आहे. मी उलटं केलं. रानात चालताना वीरांना दिसतं की वानरं झाडांवरून *खाली* उतरताहेत. टोळीच्या टोळी, पिल्लं पोटाशी धरून, करवंदीच्या जाळीत शिरताहेत. मी एवढंच सांगितलं आणि गप्प बसले. रेंजरवाली खुर्चीत ताठ झाली: “वर बघू नका. पळा.” त्या दिवशी इंगळी दिसलीही नाही, फक्त सावली गेली. पण पहिल्या रविवारची ती शांतता परत आली.

खणक्यांना मी पाळीच्या पोटात बसवलं. पाच हिट पॉइंटांचा प्राणी लढायला निरुपयोगी. पण ज्याच्या हातात तलावाचं पाणी सोडायचं तोंड आहे, त्याला लढायची गरज काय? मांसाचा वाटा त्यांना कुणी देत नाही, चिखल मात्र तेच उपसतात. मांजरसरडा एकच, शाळेच्या माळ्यावर. त्याचं बोलणं शंभर फुटांत थेट मनात ऐकू येतं. गुरुजींना वाटतं पोरं पुटपुटताहेत. त्याचा कथेत काही उपयोग झाला नाही, आणि मी तो काढलाही नाही. हाफ-ड्रॅगन सेनापती मात्र गेला. त्याला या गावात करण्यासारखं एकही काम नव्हतं.

काय झालं

पोळ्याच्या आठवड्यात एक सत्र झालं. गावाने तळ्यातल्याचा बांबू-कागदाचा पुतळा करून मिरवणुकीने शिवेबाहेर नेला, असं मी वर्णन करत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी सुरू केलं, “इडा-पीडा घेऊन जा गे मारबत!” आणि पाचही जण टेबल बडवायला लागले. इतवारीतल्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहत वाढलेल्या पोट्ट्यांना यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. मी ठरवून केलेलं नव्हतं, हे कबूल करते.

प्रौढ काळ्या ड्रॅगनचे हिट पॉइंट 195, आणि त्याच्या तेजाबाच्या एका फवाऱ्यात सरासरी 54 जातात. आमच्या सहाव्या लेव्हलच्या जादूगाराचे एकूण 32 होते. हे आकडे त्यांना मी कधी सांगितले नाहीत. पाळीखाली त्यांना बैलाची अर्धी विरघळलेली कवटी सापडली, शिंग शाबूत आणि जबडा मेणासारखा ओघळलेला, तेवढं पुरलं. तळ्यातल्याशी लढायचा विषयच निघाला नाही. त्यांनी मालगुजाराचा मांसाचा गाडा अडवला, दोन महिने. रखवाल्या उपाशी पडले आणि वाड्यावरच उलटले. मग ज्येष्ठात, पाणी आधीच खाली गेलेलं असताना, खणक्यांशी सौदा करून पाळीचं तोंड उघडलं. खणक्यांनी मागितलं काय, तर मांसात वाटा आणि अमावस्येच्या रांगेत उभं राहण्याचा हक्क. दुसऱ्या मागणीचं कारण मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. टेबलावर बोलता बोलता ते माझ्या तोंडून आलं.

एकोणिसाव्या सत्रात, रात्री, तळ्यातलं निघून गेलं. कुठे, तर नकाशावरच्या पुढच्या तलावात, दुसऱ्या मालगुजाराच्या हद्दीत. पाळगावचं पाणी हळूहळू निवळतंय.

जे जमलं नाही

योद्ध्याच्या खेळाडूने सलग तीन रविवार तलवार काढली नाही, आणि त्याने ते मला बोलूनही दाखवलं. त्याचं बरोबर आहे. गुरांची वही, पंचनामे, पाण्याची वाटणी यांत रमणारे टेबलावर तिघं आहेत, दोघं नाहीत. आता दर दुसऱ्या सत्रात एक तरी सरळ मारामारी ठेवते, आणि तिला जगाशी फारसं जोडायच्या भानगडीत पडत नाही. वहीचा ताप वेगळाच. मी दोनदा आकडे चुकवले आणि रेंजरवालीने दोन्ही वेळा पकडलं.

दुसरं अजून लटकलेलं आहे. जादूगाराच्या खेळाडूला नवं पात्र करायचंय, आणि त्याला ड्रॅगनबॉर्न हवा, म्हणजे ड्रॅगनच्या रक्ताचा माणूस. नियमांत तो सरळ बसतो. पुस्तक उघडायचं आणि लिहायचं. मी त्याला विचारलं, तुझ्या या माणसाला अमावस्येच्या रांगेत पाणी पचेल का? तो तर ड्रॅगनचाच ना? त्याने दोन दिवस विचार केला आणि मेसेज पाठवला: त्याला पचतं, म्हणूनच गावाने त्याला लहानपणी हाकललंय. चांगलं आहे. पण मग त्याचा बाप कोण, आणि तळ्यातलं पाळगावात यायच्या आधी कुठे होतं, हे मला ठरवावं लागेल. रविवारपर्यंत मी त्याला हो म्हटलेलं नाही.